हिसा-सानच्या गाडीचे दिवे

नोव्हेंबर लागला की जपानच्या डोंगरातल्या आमच्या ओकुतानी वाडीत पाचलाच अंधार होतो. दरी अरुंद, दोन्ही अंगांना देवदाराचे डोंगर, आणि रस्त्यावर दिव्याचा खांब एकच, तो बंद पडलेल्या शाळेपाशी. तिथून पुढे घाटापर्यंत साडेसहा किलोमीटर प्रत्येकानं आपला उजेड आपल्या गाडीतून न्यायचा.

अशाच एका मंगळवारी संध्याकाळी हिसा-साननी शिगेनो आजींच्या मुळ्यांवर गाडी घातली.

आजींना काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. मुळ्यांचा हातगाडा रस्त्याच्या कडेला लावून त्या शेवटची जुडी आणायला शेतात उतरल्या होत्या. गाडीच्या डाव्या कोपऱ्यानं गाडा उडाला आणि वीस-बावीस मुळे रस्ताभर पसरले. आजी वर आल्या त्या विळा हातात घेऊनच.

"कोण आहे रे तो आंधळा?"

"मी आहे, ताई. हिसानोरी."

"तू? एकोणचाळीस वर्षं घरोघर पत्रं टाकलीस, एकाचं पत्र दुसऱ्याला गेलं नाही. आणि एवढा गाडा दिसला नाही तुला?"

"पत्रं दिवसा टाकायचो, ताई."

आजी चौऱ्याऐंशीच्या, हिसा-सान शहात्तरचे. दोघांनी मिळून मुळे गोळा केले. जे मोडले होते ते हिसा-साननी घरी नेले आणि पुढचे आठ दिवस त्यांच्याकडे रोज मुळ्याचंच कालवण होतं, असं त्यांच्या बायकोनं, नोबुए-साननी, मला नंतर सांगितलं.

मी फुमिए. शाळेच्या खालच्या अंगाला आमचं गॅरेज आहे. वडील गेल्यापासून, म्हणजे अठरा वर्षं, मीच चालवते. दुसऱ्या दिवशी सकाळी हिसा-सान बंपर ठोकून घ्यायला आले, तेव्हा हातोडी चालवता चालवता मी अगदी सहज म्हणून गेले, "हिसा-सान, एकदा डोळे दाखवून घ्या हं."

ते हसले. नुसता हसल्याचा आवाज आला. मी तेव्हा बंपरकडे बघत होते.

मी जे म्हटलं तेच सगळी वाडी म्हणायला लागली. सभागृहात चहा पिताना म्हणाली, दवाखान्याच्या बाकावर म्हणाली. शहरातून त्यांच्या मुलीचा फोन आला, "बाबा, आता लायसन्स परत करा बघू. लोक काय सत्तरीलाच करतात." आमच्याकडे म्हातारी माणसं आपण होऊन पोलिसांकडे लायसन्स देऊन येतात. त्याबद्दल एक कार्ड मिळतं आणि सगळे म्हणतात, किती समजूतदार! कार्ड मिळालं तरी आमच्या वाडीला बस मिळत नाही, ती गोष्ट वेगळी. बस बंद होऊन सहा वर्षं झाली होती. दर गुरुवारी हिसा-सानच चौघीजणींना खालच्या गावात गरम पाण्याच्या हमामात न्यायचे. तिथून दवाखाना, तिथून वाणसामान. शिवाय ते देवळाच्या कागुरा मंडळीत बासरी वाजवायचे. मुखवटे घालून नाचणारे तरुण, ढोल, झांजा आणि बासरीला हिसा-सान. तालीम संध्याकाळी सातला असायची. ऑक्टोबरपासून ते गेलेच नव्हते. खोकला झालाय म्हणायचे. बासरीवाल्याला खोकला म्हटल्यावर कोण काय बोलणार?

पण हिसा-सान इतक्यात हार मानणारे नव्हते. त्यांनी टपालातून आलेल्या एका सूचीपत्रात दिवे पाहिले. गाडीच्या पुढच्या दिव्यांत आपले आपण बसवायचे, निळसर पांढऱ्या झोताचे, 'अंधारात दिवस उगवेल' असं खाली छापलेलं. त्यांनी ते मागवले आणि दोन दुपारी खपून स्वतः बसवले. लावून बघितले तर उजेड पायाशीच पडतोय. मग दिव्यांच्या मागचे स्क्रू पिळून झोत वर उचलला, उजव्या बाजूचा जरा जास्तच.

शनिवारी संध्याकाळी त्या झोतासमोर सापडले मंदिराचे पुजारी एंशो-सान. कुणाच्या तरी वर्षश्राद्धाचं जेवून आपल्या चिमुकल्या गाडीतून परत येत होते. मला फोन आला आणि मी ट्रक घेऊन पोचले, तर त्यांच्या गाडीचं एक चाक गटारात, आणि ते स्वतः कडेला उभे राहून डोळे चोळताहेत.

"फुमिए-सान, काय सांगू! वळणावरून एकदम तेज आलं. मला वाटलं, साक्षात अमिदा बुद्धच न्यायला आले. मी म्हटलं, थांबा हो, अजून मुलीचं लग्न व्हायचंय."

हिसा-सान टोपी हातात धरून वाकून उभे होते. दर दोन वाक्यांना आणखी वाकत होते. पुजारी भला माणूस. मी साखळी लावून गाडी ओढून काढली, तसे ते म्हणाले, "कुणाला खरचटलं नाही ना? मग झालं." आणि हळूहळू निघून गेले.

आम्ही दोघंच उरलो. ट्रकच्या उजेडात हिसा-सान एकदम लहान दिसत होते.

"फुमी, सोमवारी मी लायसन्स देऊन टाकतो. गाडी तू घेऊन जा. भंगारात घाल, नाहीतर कुणाला हवी असेल तर दे."

"अहो, दिवे चुकीचे बसले एवढंच..."

"दिवे बसवले कशाला मी?" त्यांचा आवाज खाली गेला. "मला दिसत नाही गं. ऑक्टोबरपासून संध्याकाळचं काही दिसत नाही. खोकला कसला नि काय! नोबुएला सांगू नकोस, घाबरेल ती. वडिलांचे डोळे असेच गेले होते."

मी उगाच टॉर्च काढला आणि बॉनेट उघडलं. त्या झोतानं गॅरेजपर्यंत गाडी नेणं म्हणजे आणखी दोघातिघांना गटारात घालणं होतं. जुने दिवे हिसा-साननी चहाच्या डब्यात जपून ठेवले होते, तो डबा गाडीतच होता. मी ते परत बसवले. स्क्रू किती पिळले होते विचारलं तर त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. उजवा साडेचार फेरे, डावा पावणेतीन. पोस्टातला माणूस! मी तेवढेच फेरे उलटे फिरवले. म्हणजे गाडी पुन्हा तंतोतंत मुळ्यांच्या दिवशी होती तशी झाली. ते तीनशे पावलांवरच्या आपल्या घरी चालत गेले, मी ट्रक तिथेच सोडला आणि त्यांची गाडी घेऊन निघाले.

पन्नास मीटरसुद्धा गेले नसेन, माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

समोर काहीच नव्हतं. म्हणजे रस्ताच नव्हता. गाडीच्या नाकापुढे दोन पावलांवर फिक्या चहासारखा पिवळट डाग पडला होता आणि त्याच्या पलीकडे काळं. मी या रस्त्यावर जन्मले, शाळेत गेले, लग्न लावायला देवळात गेले तीही याच रस्त्यानं. तरी मला वळण कुठे सुरू होतं ते कळेना. तिसऱ्या वळणावरचा आरशाचा खांब एकदम बाजूच्या खिडकीशी उगवला, तेव्हा मी गाडी थांबवली आणि इंजिन चालू ठेवून तशीच बसून राहिले.

माझे डोळे बावन्न वर्षांचे. चष्मा नाही. परवाच सुईत दोरा ओवला होता.

मग एकेक आठवायला लागलं. गाडीची सरकारी तपासणी होऊन दोन वर्षं होत आली होती. वसंतात तेल मी बदललं, उन्हाळ्यात टायर मी बदलले. दर वेळी हिसा-सान सकाळी गाडी आणायचे, दुपारी न्यायचे. दिवे लागतात का, तर लागतात, एवढंच मी बघायचे. भर दुपारी काडी पेटवली तरी पेटलेली दिसते, पण तिच्या उजेडात चालायला होतं का? आणि मीच, हातात हातोडी घेऊन, त्यांना डोळे दाखवायला सांगितलं होतं. मला भयंकर लाज वाटली.

गॅरेजला पोचल्या पोचल्या मी फोन लावला.

"हिसा-सान, तुमचे डोळे नाहीत, गाडीचे दिवे गेलेत! मलासुद्धा काही दिसलं नाही!"

पलीकडून ते मायेनं म्हणाले, "तू चांगली पोर आहेस, फुमी. पण म्हाताऱ्याची समजूत घालायला खोटं बोलू नकोस." आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी सातलाच मी कामाला लागले. थोड्या वेळानं शिगेनो आजी आल्या. वाडीत कुठे काय चाललंय ते त्यांना वासावरून कळतं. एक खोकं उपडं करून त्या दाराशी बसल्या.

"हे काय करतेस?"

"दिव्यांची काच घासतेय."

"ही काच? मला वाटलं शिंगाचीच करतात. पिवळीधमक आहे की."

त्यांचं बरोबर होतं. तिला सगळे काच म्हणतात, पण असतं ते प्लास्टिकचं झाकण. उन्हानं पिवळं पडतं, वर बारीक चरे पडतात आणि आतला उजेड आतच घुटमळतो. हिसा-सानची गाडी चौदा वर्षं दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिलेली. मी कडेच्या पत्र्याला चिकटपट्टी लावली, पाणी मारलं आणि पॉलिश पेपरनं घासायला सुरुवात केली. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. पिवळं दुधासारखं पाणी खाली ओघळायला लागलं.

"अगं, तू तर आणखीच आंधळं केलंस त्याला," आजी म्हणाल्या. खरंच, काच आता धुक्यासारखी पांढरी झाली होती.

"थांबा तर."

मग पॉलिश लावून फडक्यानं गोल गोल. दहा मिनिटांत धुकं विरलं आणि आतला दिवा, त्यामागची चकचकीत वाटी, सगळं लख्ख दिसायला लागलं. आजी उठून जवळ आल्या आणि वाकून त्यात आपला चेहरा बघून केस सारखे करायला लागल्या.

"आजी, हात लावू नका, आता वार्निश मारायचंय. नाहीतर उन्हाळ्यापर्यंत परत पिवळी."

"माझ्या तोंडाला मारतेस का थोडं?"

वार्निश वाळेपर्यंत मी वायरी तपासल्या. दिव्यापर्यंत वीज पुरती पोचतच नव्हती. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात, त्यानं अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट गंजून हिरवा-तांबडा झाला होता. तो घासला, नवी वायर टाकली, गाडीला मुळात होते तसेच साधे नवे बल्ब लावले. पण दिवे लावून भिंतीवर बघितलं तर झोत पांढरा झाला होता, तरी अजून पायाशीच. स्क्रू तर जागेवर होते. मी गाडीभोवती दोनदा फिरले.

तेवढ्यात नोबुए-सान भाताचे गोळे घेऊन आल्या. नवऱ्याची गाडी शेवटची एकदा पुसावी म्हणून फडकंही आणलं होतं. त्यांनी दार उघडलं, सीट पुसली, स्टिअरिंग पुसलं आणि उजव्या गुडघ्यापाशी डॅशबोर्डवर एक लहानशी चकती असते, तीही पुसली. फडकं खालपासून वर, एकदा, जोर लावून. भिंतीवरचा झोत आणखी खाली घसरला.

"नोबुए-सान! परत करा बरं तसंच."

"काय केलं मी?"

मागे जड सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं. तेव्हा झोत खाली आणायला ती चकती असते. शून्यापासून चारपर्यंत आकडे. ती आता चारवर, म्हणजे सगळ्यात खालच्या झोतावर होती. मागे सामान काहीच नव्हतं.

"मी दर शनिवारी पुसते," नोबुए-सान हळूच म्हणाल्या. "सप्टेंबरात नवीन फडकं घेतलं. चांगलं जाड..." आणि त्यांनी तोंडावर हात घेतला. "म्हणजे मीच?"

"तू, ती काच आणि ही फुमी," आजी म्हणाल्या. "तिघींनी मिळून बिचाऱ्याला आंधळा केला."

पाच वाजता आम्ही गाडी शाळेच्या व्यायामशाळेसमोर नेली. भिंतीपासून दहा मीटर मोजून उभी केली, दिव्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टीची रेघ मारली. झोताची वरची कड त्या रेघेच्या वीतभर खाली आली पाहिजे. त्यापेक्षा वर गेली की समोरचे पुजारी गटारात, खाली आली की आपण. चालवणाऱ्याच्या वजनानं गाडी थोडी दबते, म्हणून त्याच्या जागी तेवढं वजन ठेवायचं. हिसा-सान साठ किलोंचे.

"आजी, तुम्ही किती भराल?"

"चाळीस. आणि बायकांना हे विचारतात का?"

मी त्यांना स्टिअरिंगमागे बसवलं आणि मांडीवर वीस किलो तांदळाचं पोतं दिलं. त्यांनी पोत्यावरून हात लांब करून दोन्ही हातांनी चाक धरलं आणि मी स्क्रू फिरवत असताना सारखा हॉर्न वाजवला. त्या हॉर्ननंच हिसा-सान घरातून बाहेर आले असावेत, कारण नोबुए-सान त्यांना घेऊन आल्या तेव्हा ते म्हणत होते, "काय चाललंय काय? गाडी भंगारात घाल म्हटलं होतं ना?"

"घालू हो," मी म्हटलं. "आधी एकदा बसून बघा."

"नको. आता काय करायचंय बसून?"

आजींनी खिडकीची काच खाली केली. "हिसानोरी, बसतोस का मी चालवू? मला लायसन्स नाही, पण मला दिसतंय."

ते बसले. मी शेजारी, आजी आणि तांदूळ मागे, त्यांच्या शेजारी नोबुए-सान. हिसा-साननी गाडी फिरवून रस्त्यावर घेतली आणि दिवे लावले.

डाव्या कडेची पांढरी रेघ थेट पुढच्या वळणापर्यंत उजळली. गटाराचा काठ दिसला. देवदारांचे बुंधे एकामागून एक, आरशाचा खांब, त्यावरचा लाल ठिपका, कुणीतरी कुंपणावर विसरलेला हातमोजा. गाडी अगदी सावकाश चालली होती. मग थोडी वेगानं. त्यांच्या घराकडे वळायचा फाटा आला, आणि गेला. नोबुए-सान काही म्हणणार होत्या, मी मागे वळून मान हलवली. शेवटचं घर गेलं. रस्ता चढायला लागला. घाटावर एक हरणी कडेला उभी होती. ती आम्हाला चांगल्या साठ पावलांवरून दिसली. हिसा-साननी वेग कमी केला, ती रस्ता ओलांडून जाईपर्यंत थांबले आणि तसेच थांबून राहिले.

"दिसली," ते म्हणाले. "कानसुद्धा दिसले."

त्यांनी बाहीनं डोळे पुसले. आम्ही धरणापर्यंत जाऊन परत आलो.

सोमवारी ते नोबुए-सानना घेऊन खालच्या गावी निघाले. पोलीस चौकी वाटेत लागते, तिच्यासमोरून गाडी सरळ पुढे गेली आणि डोळ्यांच्या दवाखान्यापाशी थांबली. वडिलांच्या आठवणीनं ज्या दाराची त्यांना धडकी भरायची, त्या दारातून ते स्वतः आत गेले. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून तासभर तपासलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची जराशी सुरुवात आहे, वडिलांसारखं काही नाही. चष्म्याचा नंबर मात्र वाढलाय, तो बदला, दर सहा महिन्यांनी दाखवा, आणि खुशाल गाडी चालवा. बाहुल्या मोठ्या केल्यामुळे त्या दिवशी त्यांना चालवता येईना. मी ट्रकमधून दोघांना आणायला गेले. वाटेत मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तू नुसतं डोळे दाखवा म्हणालीस, दाखवले. नंबर वाढलाच होता की." असं म्हणून त्यांनी विषय संपवला, पण मला ते काही दिवस टोचत राहिलं. तेव्हापासून कुणाचीही गाडी आली, नुसतं तेल बदलायला का असेना, मी गॅरेजचं शटर खाली ओढून अंधार करते आणि दिवे भिंतीवर लावून बघते. पंधरा दिवसांत नऊ गाड्यांच्या काचा घासल्या. त्यात पुजाऱ्यांचीही होती, आणि माझा स्वतःचा ट्रकही.

मुलीला हिसा-साननी डॉक्टरांचा कागदच फोनवरून पाठवला. बर्फ पडलं तर गाडी काढायची नाही आणि ऐंशीला लायसन्स द्यायचं, असं दोघांचं ठरलं. कागुराच्या तालमीला ते पुन्हा जायला लागले, खोकला एकदम बरा झाला.

गुरुवारची थांबलेली हमामाची फेरीही पुन्हा सुरू झाली. परतीला अंधार होतोच. पहिल्याच गुरुवारी शिगेनो आजी पुढे बसल्या, अंगाला साबणाचा वास, गाल लाल. घाट उतरताना त्यांनी उजवीकडे बघितलं आणि दाराची मूठ घट्ट धरली.

"हिसानोरी, ही दरी इथे कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून, ताई."

"एवढी जवळ? साठ वर्षं या रस्त्यानं जातेय मी, कुणी सांगितलं नाही." त्यांनी डोळे मिटून घेतले. "फुमीला सांग, उजवा दिवा जरा कमी कर म्हणावं."